उतरवून घेतलेला आवाज

बटण हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी दिसेल ते बटण दाबून बघायची खोड होती, म्हणून घरात पडलेलं. पुढे तो लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला, तेव्हा 'चला, नावाला साजेशी नोकरी मिळाली' असं त्याची धाकटी बहीण म्हणाली आणि कामावरच्या लोकांनीही तेच नाव उचललं. असा माणूस एका बंद पडलेल्या विमा कचेरीतली लिफ्ट काढायला गेला आणि येताना तिथला कॉम्प्युटर घेऊन आला, यात नवल करण्यासारखं काही नाही. कचेरीवाले म्हणाले होते, न्या बाबा, आमची जागा तरी मोकळी होईल. आमची काय ओस पडलीय, असं बायकोनं दारातच विचारलं.

मशीन मात्र साधंसुधं नव्हतं. युनिक्स नावाची जी व्यवस्था मोठमोठ्या संस्थांच्या मोठमोठ्या मशीनांवर चालायची, ती कुणीतरी टेबलावर मावेल अशा पेटीत बसवली होती. वर हिरव्या अक्षरांचा पडदा. आणि गंमत म्हणजे पेटीला टेलिफोन अंगचाच होता. ती स्वतः नंबर फिरवायची, पलीकडच्या मशीनशी बोलायची, घरात कुणी नसताना फोन आला तर निरोप आवाजासकट साठवून ठेवायची. इतकी गुणाची असूनही बाजारात तिचं काही जमलं नाही आणि बनवणाऱ्यांनी थोड्याच वर्षांत तिचा नाद सोडला. दुकानात मिळणाऱ्या फ्लॉप्यांवरचे प्रोग्रॅम सगळे दुसऱ्या जातीच्या मशीनांचे, ते हिला चालेनात. मग एकच वाट उरली. ज्यांच्याकडे असली मशीनं होती अशा देशोदेशीच्या हौशी मंडळींनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम काही विद्यापीठांच्या मशीनांवर ठेवून दिले होते. तिथे फोन लावायचा, यादी बघायची आणि हवा तो प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा.

यादी लांबलचक होती आणि प्रत्येक नावापुढे एकेक ओळ. बटणनं रविवारच्या रविवार सकाळी बसून ती चाळायला घेतली. पहिल्यांदा आला तो चंद्राची कला सांगणारा प्रोग्रॅम. बायको म्हणाली, खिडकी आहे आपल्याला. मग आला मोठ्या अक्षरांत पताका छापणारा. मग एक असा, की तुमची जन्मतारीख विचारून तुम्ही किती दिवसांचे झालात ते सांगे. तो धाकटीनं एकदाच चालवून बघितला आणि पुन्हा माझ्या वाटेला जाऊ नकोस म्हणून त्यालाच बजावलं. एक प्रोग्रॅम उघडायला दुसरा प्रोग्रॅम लागत होता. तो दुसरा आणला, तर तो त्याच पद्धतीनं बांधलेला, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. आणि बहुतेक प्रोग्रॅम तयार नसतच. शिवलेला सदरा नाही, नुसतं कापड यायचं. शिवायचं आपल्या मशीनवर, आपल्या मापानं. शिवताना पन्नास चुका निघायच्या. बटणला त्यातच मजा यायची, पण घरातल्या दोघी एकच प्रश्न विचारायच्या: ह्यातलं उपयोगाचं काय?

घरातल्या दोघी म्हणजे बायको आणि धाकटी. नणंद-भावजयींचं विळ्या-भोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण ह्या दोघींनी पुढच्या खोलीत धंदा मांडला होता. मुद्रितं तपासायचा. छापखान्याकडून छापील पानाचा कच्चा कागद यायचा आणि सोबत गिऱ्हाइकाची मूळ प्रत. धाकटी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, बायको कच्च्या कागदावर बोट फिरवत लाल पेनानं चुका धरायची. मजकुराचं काम त्या घेत नसत. त्यांचा हातखंडा आकड्यांत. बसचं वेळापत्रक, आगगाड्यांचं वेळापत्रक, बोटींचं वेळापत्रक. सात बावन्न, आठ सतरा, आठ एकोणचाळीस, असा धाकटीचा खणखणीत आवाज दिवसभर चालायचा. ऐकणाऱ्याला झोप यावी असं ते काम, पण त्या दोघींची अशी लय बसली होती, की मधेच 'आठ सतरा, अगं दूध उतू जातंय, आठ एकोणचाळीस' असं म्हटलं तरी लाल पेन चुकत नसे.

मग पट्टेवाले आले. पट्टेवाले म्हणजे शिपाई नव्हेत. मशीनांना लागणारे रबरी पट्टे बनवणाऱ्या कारखान्याचे व्यवस्थापक. मोठं गिऱ्हाईक. त्यांचं कॅटलॉग दोघींनी तपासून दिलं, छापून झालं, वाटलं गेलं, आणि पंधरवड्यात पट्टेवाल्यांचा फोन आला. त्यांनी आकडे सुटे करून सांगितले: आठ-नऊ इंचाचा पट्टा कॅटलॉगात सात-नऊ छापला होता. लोकांनी तसेच मागवले, तसेच पाठवले गेले आणि एकही पट्टा मशीनवर चढेना. छापखान्यानं हात वर केले. कच्च्या कागदावर आकडा बरोबर होता, तो लाल पेनानं खोडून चुकीचा केलेला होता. अक्षर बायकोचं.

बायकोनं फोन ठेवला आणि भांडणाला सुरुवात झाली. बायकोचं म्हणणं, मला सात-नऊ ऐकू आलं म्हणून मी सात-नऊ केलं. धाकटीचं म्हणणं, समोर आठ-नऊ लिहिलेलं असताना मी सात-नऊ कशाला वाचीन, मी काय आंधळी आहे? वाचलंत. नाही वाचलं. मूळ प्रत परत गेलेली, साक्षीला कुणी नाही. अशी भांडणं होतात आणि दुपारच्या चहापर्यंत विरतात. पण बायकोच्या तोंडून शेवटी निघून गेलं, की चूक कुणाचीही होते वन्सं, पण वर खोटं कशाला बोलता? एरवी ती धाकटीला नुसतं 'अगं' म्हणायची. त्या दिवशी 'वन्सं' आणि 'तुम्ही' आलं, आणि ते पुढे गेलंच नाही.

धाकटी खोटं बोलत नसे. ते तिला जमतच नसे. लहानपणी बटणनं फोडलेल्या काचेचं पाप तिनं विचारायच्या आधीच आईला सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात तिनं दूरच्या शहरातल्या एका मोठ्या छापखान्यात अर्ज केला आणि महिन्याभरात बोलावणं आलं. वाचकाचीच जागा, राहायला स्वतंत्र खोली. ती ट्रंक भरायला लागली.

आता बटणची अवस्था बघा. एकीकडे सख्खी बहीण, दुसरीकडे बायको. इकडे आड तिकडे विहीर. दोघी एकमेकींशी त्याच्या मार्फत बोलायच्या. वन्संना सांगा, जेवण वाढलंय. दादा, वहिनीला सांग, मला भूक नाही. ह्या दोन वाक्यांमधलं अंतर चार फूट. तो मध्ये उभा राहून निरोप पोचवायचा आणि आतून तुटायचा. धाकटी जाणार हे त्याला सोसत नव्हतं, पण ती अशी, खोटारडी ठरून जाणार, हे त्याहून सोसत नव्हतं. आई गेल्यापासून ती त्याच्याच घरात होती. भांडण मिटवायचे त्याने जेवढे उपाय केले तेवढे अंगाशी आले, म्हणून शेवटी त्याने हातात होतं ते केलं. म्हणजे मशीनपुढे जाऊन बसला.

कारण दुसरी अडचण होती. पट्टेवाल्यांनी दुसरी आवृत्ती ह्याच घरात पाठवली होती, एक संधी म्हणून. ह्या खेपेला मूळ प्रत कागदावर नव्हती, फ्लॉपीवर होती, पण नुसता मजकूर असल्यामुळे तो बटणच्या पेटीला वाचता येत होता. त्यांच्या कारखान्यातही कॉम्प्युटर आले होते. धाकटी गेल्यावर ती वाचणार कोण? बटणला दिवसभर लिफ्टच्या भुयारात काम. बाहेरची बाई ठेवायची तर बायकोला कुणाची लय जमेना. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की मशीनला आकडे वाचायला शिकवणारा प्रोग्रॅम कुणीतरी लिहिला असेलच. इतक्या जणांनी इतकं काही लिहिलंय, चंद्राच्या कला लिहिल्यात, मग हे का नाही?

होता. यादीच्या तळाशी, एका ओळीत: 'आकडे पुकारतो.' लिहिणारा कुठल्याशा परदेशी गावातला गृहस्थ. त्यांच्या क्लबात दर शनिवारी हाउसीचा खेळ चाले आणि आकडे पुकारणाऱ्याचा घसा बसे, म्हणून त्याने हा प्रोग्रॅम केला होता. मशीनच्या टेलिफोनमधून माणसाचा आवाज टिपायचा, एकेका आकड्याचा एकेक तुकडा करून ठेवायचा, आणि मग मशीन पडद्यावरचा आकडा बघून त्याचा तुकडा वाजवणार. बटण खुर्चीतून उठलाच. एवढं उपयोगाचं त्या यादीत दुसरं काही नव्हतं.

प्रोग्रॅम सात भागांत होता. रविवारची अख्खी सकाळ घालवून त्याने सातही भाग उतरवले. घरचा फोन तोवर बंद, शेजारच्या काकू दारावर येऊन विचारून गेल्या की सगळे ठीक आहात ना. सात भाग उतरवून बघतो तर हाती एकच. पुन्हा उतरवले, पुन्हा एकच. तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आलं. त्या मशीनला फायलीचं नाव चौदा अक्षरांपर्यंतच समजायचं, पुढची अक्षरं ती मुकाट कापून टाकायची. त्या हाउसीवाल्यानं भागांना लांबलचक नावं देऊन भाग क्रमांक शेवटी लिहिला होता. तो शेपटासकट कापला जाऊन सातही भागांचं नाव एकच होत होतं, आणि येणारा प्रत्येक भाग आधीच्याच्या डोक्यावर बसत होता. बटणनं कपाळावर हात मारला, नावं आखूड केली आणि चौथ्यांदा फोन लावला.

मग शिवण. दोन रविवार त्यात गेले. शेवटी मशीननं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि हाउसीवाल्याच्या सर्दीनं भरलेल्या आवाजात, त्याच्या भाषेत, आकडे म्हणायला लागलं. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, कोण पाहुणे आलेत?

आता ह्या परक्याच्या जागी आपला आवाज बसवायचा होता, आणि इथे मातृभाषेनं दगा दिला. हाउसीवाल्याचं सोपं होतं. त्यांच्याकडे वीस म्हणायचं, मग एक म्हणायचं, झाले एकवीस. दोन-सव्वादोन डझन तुकड्यांत काम भागतं. आपल्याकडे तेवीस वेगळा, त्रेपन्न वेगळा, त्र्याहत्तर वेगळा. शंभरापर्यंत प्रत्येकाचं बारसं स्वतंत्र केलेलं. म्हणजे प्रत्येक आकडा कुणीतरी बसून म्हणायला हवा, स्पष्ट, एका पट्टीत. असा आवाज घरात एकच होता.

बटण दोन दिवस विचारायचं टाळत राहिला. जिला घरातून जाऊ द्यायचं नाही, तिच्याकडेच तिची जागा भरायला तिचा आवाज मागायचा, हे त्याला विचित्र वाटत होतं. शेवटी विचारलं. धाकटी ट्रंकेत साड्या लावत होती. ती थोडा वेळ साडीची घडी नीट करत बसली आणि म्हणाली, देते. माझ्यामुळे कुणाचं अडायला नको.

बायको बाजारात गेलेली असताना दोघं बसली. बटणनं आकडे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून पिसले होते, कारण ओळीनं म्हटलं की धाकटी पाढ्यासारखी हेल काढायची. तो एक चिठ्ठी समोर धरी, ती रिसीव्हर तोंडाशी धरून आकडा म्हणे, तो कळ दाबून तुकडा साठवी. चौसष्ट. अकरा. ब्याण्णव. मध्येच तिला हसू यायचं आणि त्र्याऐंशीचा तुकडा तीनदा घ्यावा लागला. खूप दिवसांनी ती हसत होती. सगळं झाल्यावर त्याने काही आकडे मशीनकडून म्हणवून घेतले. तिनं डोकं तिरकं करून ऐकलं.

"मी एवढी तापट वाटते?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, थोडीशी. तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या, त्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला आणि आत निघून गेली. बटणला वाटलं, लाथ मारून ती पेटी जिन्यावरून खाली ढकलावी. जन्मात एक प्रोग्रॅम उपयोगाचा मिळाला, तो बहिणीला निरोप द्यायला.

धाकटीची गाडी रविवारी संध्याकाळची होती. त्याच सकाळी बायकोनं कॅटलॉगची दुसरी आवृत्ती तपासायला घेतली. धाकटी गेल्यावर तिला बहुधा ते घेववलं नसतं. बटणनं फ्लॉपी घातली, वाचायचा वेग ठरवून दिला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. मशीन वाचायला लागलं. बायकोचा हात पहिल्या दोन ओळी अडखळला. समोर पेटी आणि आतून वन्सं. मग हळूहळू लय बसली. आतल्या खोलीत ट्रंकेचं झाकण वाजत होतं आणि बाहेर तोच आवाज पंचेचाळीस, बासष्ट, अडुसष्ट म्हणत होता. बटणला तिथे उभं राहवेना, पण हलवेनाही.

तिसऱ्या पानावर बायकोनं कळ दाबून मशीन थांबवलं.

"अहो, इथे मुळात किती आहे ते बघा."

त्याने पडद्याशी वाकून बघितलं. "एकोणऐंशी. बरोबर म्हणतंय की."

बायकोनं लाल पेन कागदाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. एकदा हात पोळलेला होता. ती म्हणाली, "सुटे सांगा."

"आठ, नऊ."

तिनं पेन खाली ठेवलं. थोडा वेळ ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, तो थट्टा करतोय का ते पाहत. मग तिनं कागदाच्या कोपऱ्यात ८९ लिहिलं आणि त्याच्यासमोर सरकवलं.

"हे किती?"

"एकोणऐंशी."

तिनं त्याखाली ७९ लिहिलं. "आणि हे?"

"एकोण..." बटण म्हणाला आणि थांबला. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याने वरचा आकडा बघितला, खालचा बघितला. हे दोघे आजवर त्याच्यासमोर एका वेळी कधी आलेच नव्हते.

"दोघांचं नाव एकच?" बायकोनं विचारलं.

तो मनातल्या मनात मोजून बघायला लागला, ऐंशीपासून वर. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणऐंशी, नव्वद. जिभेवर ते इतकं सहज येत होतं, की चूक कुठे आहे ते कळेना. आई स्वेटर विणताना टाके मोजायची आणि ही दोन पोरं तिच्या दोन बाजूंना बसून बरोबरीनं मोजायची, तिथून आलेलं हे. आईचा स्वेटर कधी एका टाक्यानं आखूड झाला नाही, कारण मोजत होते तिचे हात. नावाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि नंतर तर काय, वेळापत्रकात मिनिटं साठाच्या आत. इतकी वर्षं दोघी आकडे वाचत होत्या, पण ऐंशीच्या घरात त्यांना पहिल्यांदा नेलं ते पट्टेवाल्यांनी.

"म्हणजे तुमचे मामा," बायको सावकाश म्हणाली, "तुम्ही म्हणालात एकोणऐंशीचे आहेत म्हणून..."

मामा एकदा राहायला आले होते तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती, आणि ह्या वयात चालणं चांगलं म्हणत बायकोनं त्यांना सहा मजले चढवले होते. वर पोचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नव्हते. बायकोला हसू फुटलं. ती तोंडावर पदर घेऊन हसली, टेबलावर डोकं टेकून हसली, बटणही हसला. आणि मग तिचं हसू एकदम ओसरलं. तिनं डोळे पुसले, ते हसण्यानं आलेलं पाणी होतं तरी ते लवकर थांबेना.

"ती खरं बोलत होती," बायको म्हणाली. "समोर आठ-नऊ होतं आणि तिनं आठ-नऊच वाचलं. आणि मी तिला काय काय म्हणाले."

भांडतानाही दोघी फोनवर आले तसेच सुटे आकडे बोलत राहिल्या होत्या, आठ-नऊ आणि सात-नऊ. एकीनं जरी रागाच्या भरात तो आकडा जोडून उच्चारला असता, तरी गोष्ट तिथेच मिटली असती. बटणनं हे बोलून दाखवलं, तर बायको म्हणाली, आता शहाणपणा नको, तुम्ही इथेच थांबा. आणि ती आतल्या खोलीत गेली.

बटण मशीनपाशी थांबला. जाऊन तिला सांगावं असं त्याला फार वाटत होतं, पण हा निरोप त्याच्या मार्फत जायचा नव्हता. आतून बराच वेळ बायकोचा एकटीचाच आवाज येत राहिला, हलका, शब्द कळत नव्हते. मग धाकटी बाहेर आली. कुणाकडे न बघता ती खुर्चीत बसली आणि दादाला म्हणाली, वाजव.

त्याने तो आकडा वाजवला. स्वतःच्या खणखणीत आवाजातलं एकोणऐंशी तिनं ऐकलं, कोपऱ्यातला ८९ बघितला. मग बोटांवर मोजायला लागली, ओठ हलवत, आणि दादा अडकला होता तिथेच अडकली.

"आईचं आहे हे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते."

"नाही गं," बायको दारातून म्हणाली. "मी बोलले. तू खोटं बोलतेस असं म्हणाले, तेच खोटं होतं. मला माफ कर."

धाकटी रडेल असं बटणला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं एक मोठा श्वास सोडला आणि ती खुर्चीत मागे टेकली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाली, बरं झालं कळलं, नाहीतर तिकडे पहिल्याच आठवड्यात नोकरी गेली असती.

बटणनं विचारलं, अजून जाणार? भांडण तर मिटलं. धाकटी त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, मिटलं म्हणून तर जाता येईल नीट. शब्द दिलाय त्यांना. आणि खरं सांगू का दादा, स्वतःच्या खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये, हे मला आवडायला लागलंय. बायकोनं मान हलवली, आणि बटणला कळलं की आता ह्या दोघींच्या मध्ये त्याला उभं राहायला जागा नाही. ते त्याला बरंही वाटलं आणि वाईटही.

गाडीला अजून वेळ होता. धाकटी म्हणाली, तो तुकडा बदलून जाते. रिसीव्हर तोंडाशी धरला, बटणनं चिठ्ठी समोर धरली, आणि ती म्हणाली, एकोणऐंशी. सगळे हसले. पुन्हा. पुन्हा तेच. जन्मभराची जीभ, ती काय एका दुपारी वळणार? 'एकोण'पर्यंत नीट जायची आणि पुढे आपोआप आईच्या वाटेनं घसरायची. शेवटी बायको तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, रिसीव्हर दोघींच्या तोंडांमध्ये धरला आणि म्हणाली, माझ्याबरोबर म्हण. दोघी एकदम म्हणाल्या, एकोणनव्वद. बटणनं कळ दाबली.

धाकटी गेली. पत्रं येतात, तिकडच्या छापखान्यात तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो अशी तक्रार आहे म्हणे. पुढच्या खोलीत काम चालूच आहे. पट्टेवाल्यांनी नवीन मशीनं घेतली, नवीन पट्टे काढले, कॅटलॉग जाडजूड झालं. मशीन धाकटीच्या आवाजात वाचतं, बायको बोट फिरवत जाते, आणि ८९ आला की त्या एका आकड्यापुरता दोन बायकांचा आवाज येतो, एक खणखणीत, एक जरा मागून आलेला. बटणच्या लक्षात आलं, की त्या आकड्याला बायको मशीन थांबवते आणि तो पुन्हा म्हणायला लावते. कागदावर बरोबर असला तरी. एका रविवारी त्याने विचारलं, दोनदा का?

"एकदा पट्ट्यासाठी," बायको म्हणाली, आणि तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.